चष्मा खिशात, खांदा हसण्यावारी

प्रश्न : पत्रलेखक ४९ वर्षांचे आहेत, डोंबिवलीत राहतात आणि मुंबईत एका बँकेत अधिकारी आहेत. घरी समवयस्क पत्नी आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत आपण घरात आणि सोसायटीत करमणुकीचा विषय झालो आहोत, असे ते लिहितात. चाळीशीचा चष्मा त्यांनी करून घेतला आहे, पण चारचौघांत लावायला संकोच वाटत असल्याने तो बहुतेक वेळ खिशातच असतो. गेल्या गणपतीत सोसायटीच्या आरतीला त्यांच्या हाती आरतीसंग्रह देण्यात आला. पाठ असलेल्या आरत्या निभावल्या, पण दशावतारांच्या आरतीत मंद उजेडात अक्षर लागेना, एक कडवे गळले आणि नृसिंहानंतर वामनाला वगळून थेट परशुराम अवतरला, तेव्हा सगळा मंडप हसला. मिशीचा कलप वरच्या ओठावर उतरलेला असताना ते तसेच शाखेतल्या बैठकीला जाऊन बसले होते, हा किस्सा पत्नी पाहुण्यांना रंगवून सांगते. लोकलमध्ये एका मुलाने ‘काका, तुम्ही बसा’ म्हणून जागा दिली, तेव्हा ते पुढच्याच स्टेशनला उतरले आणि मागच्या गाडीने घरी गेले.

पत्राच्या अखेरीस ‘जाता जाता गंमत म्हणून’ त्यांनी आणखी काही गोष्टी सांगितल्या आहेत. रात्री तीनदा उठावे लागत असल्याने आपल्या घरी चोरी होण्याची शक्यता उरलेली नाही; उजवा हात खांद्याच्या वर जात नसल्याने उद्या कोणी ‘हात वर करा’ म्हणाले तर गोळीच खावी लागेल; आणि गेल्या डिसेंबरात पत्नीने पाचवर पंखा लावून त्यांना कानटोपी घालून झोपायला लावले. येत्या मे महिन्यात साताऱ्याकडच्या त्यांच्या शाळेत दहावीच्या १९९३ च्या तुकडीचे स्नेहसंमेलन आहे. तिथे केस रंगवून जावे, पांढरे ठेवून जावे की जाऊच नये, आणि घरच्यांचे हे हसणे थांबवावे तरी कसे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर : तुमच्या लेखणीला विनोदाची चांगली जाण आहे, हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याच विनोदाबद्दल थोडी तक्रार करणार आहे. ज्या गोष्टींची लाज वाटते म्हणून तुम्ही सविस्तर लिहिले आहे, त्या म्हणजे चष्मा, कलप आणि लोकलमधली जागा. आणि ज्या गोष्टी शेवटच्या चार ओळींत उरकल्या आहेत, त्या म्हणजे रात्रीचे उठणे, न उचलला जाणारा हात आणि पत्नीचा पंखा. मला हा क्रम उलटा वाटतो. पहिल्या तिन्हींत लाजण्यासारखे काही नाही आणि शेवटच्या तिन्ही हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. म्हणून मी तुमच्या पत्राच्या शेवटापासून सुरुवात करते.

चोराबद्दलचे तुमचे वाक्य कोणत्याही मैफलीत टाळी घेईल, पण रात्रीतून तीनदा लघवीला उठावे लागणे हे नुसते वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही. कारण अगदी साधे असू शकते : रात्री उशिरा घरी पोहोचल्यावर दिवसभराचे राहिलेले पाणी एकदम पिणे, किंवा जेवणानंतर सवयीचा चहा. पुरुषांमध्ये चाळिशीनंतर प्रोस्टेट ग्रंथी हळूहळू वाढू लागते आणि पन्नाशी ओलांडून साठीकडे जाताना जवळजवळ निम्म्या पुरुषांमध्ये ती वाढलेली आढळते. तिच्यावर औषधे आहेत, आणि ‘आता हे असेच चालायचे’ म्हणून रात्रीमागून रात्री अर्धवट झोपेत काढण्याची गरज नसते. तिसरे कारण रक्तातली साखर हे असू शकते, आणि तुमच्या बाबतीत मला तिचीच चौकशी आधी करावीशी वाटते, कारण चोराच्या वाक्यापाठोपाठ तुम्ही खांद्याचे वाक्य लिहिले आहे.

आखडलेला खांदा, ज्याला डॉक्टर ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात, हा बहुधा चाळीस ते साठ या वयातला पाहुणा असतो, आणि मधुमेह असलेल्यांकडे तो इतरांपेक्षा पुष्कळ जास्त वेळा मुक्कामाला येतो. सुरुवातीला दुखते, विशेषतः रात्री त्या कुशीवर वळल्यावर. मग दुखणे कमी होते पण हात जागचा हलत नाही, बनियन काढायला दुसऱ्याची मदत लागते, मागच्या खिशातले पाकीट काढता येत नाही. आणि नंतर तो हळूहळू सुटत जातो. हे सगळे एक ते तीन वर्षे चालू शकते. बहुतेकांचा खांदा पुढे बऱ्यापैकी मोकळा होतो, पण फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम वेळेवर सुरू केले तर मधला काळ कमी त्रासाचा जातो. सोसायटीतला कोणी जाणकार ‘एक झटका देतो, सुटेल’ असे म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि हात मात्र आपल्याजवळच ठेवा.

या सदरातून निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाही. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची सुरुवात तुमच्यासारख्याच चार विनोदांनी झाली असेल. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, या दोन तपासण्या एका सकाळच्या रक्तात होतात. उपाशीपोटी १०० ते १२५ मिलिग्रॅम (दर डेसिलिटर रक्तात) आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के हा उंबरठा मानला जातो. १२६ किंवा ६.५ आणि त्याच्या वरचे आकडे आले तर डॉक्टर सहसा तपासणी पुन्हा करून खात्री करून घेतात. तुमच्या बँकेत अधिकाऱ्यांसाठी वार्षिक आरोग्य तपासणीची सोय असेल, तर ती दरवर्षी मार्चअखेरीच्या गडबडीत कोणाची राहून जाते, याचा अंदाज मी बांधू शकते. यंदा ती करा, आणि डॉक्टरांना तुमची दोन्ही वाक्ये सांगताना त्यांतला विनोद गाळून सांगा. विनोदी रुग्णाची तक्रार डॉक्टरही कधी कधी विनोदानेच घेतात.

आता पंख्याकडे वळते. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा गैरसमज मला इथे दिसतो : वय फक्त तुमचेच वाढते आहे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. तुमची पत्नी तुमच्याच वयाची आहे. आपल्याकडे स्त्रियांची पाळी सरासरी छेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते, आणि त्याच्या आधीची आणि नंतरची काही वर्षे शरीरातल्या संप्रेरकांच्या चढउतारांत जातात. मध्यरात्री अचानक अंगातून वाफा निघाल्यासारखे होणे, घामाने गाऊन भिजणे, झोपमोड, विनाकारण चिडचिड, धडधड, हे सगळे त्यात येते. डिसेंबरातला पाचवरचा पंखा हा त्याचा प्रकार असण्याची शक्यता बरीच आहे, आणि अशा वेळी शेजारी कानटोपी घालून झोपलेला नवरा तिच्या दृष्टीने फारसा विनोदी नसेल.

तुमच्या मिशीचा किस्सा पाहुण्यांपुढे सांगितला जातो, तिचा घाम कोणापुढे सांगितला जात नाही. बहुतेक घरांत असेच असते. पुरुषाचे वय हा दिवाणखान्यातला विषय होतो आणि बाईचे वय न्हाणीघराच्या दाराआड राहते. ती तुमच्यावर हसते तेव्हा त्यात तुमची टिंगल किती आणि आपल्या शरीरात चाललेल्या गोंधळावर उतारा म्हणून शोधलेली गंमत किती, हे तुम्ही तिला विचारल्याशिवाय कळणार नाही. म्हणून विचारा. ‘तुला रात्री फार गरम होतं का, झोप लागते का?’ एवढे दोन प्रश्न पुरतील. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाण्याचा तिचा विचार असेल तर सोबत जा. रक्तस्राव फार होत असेल, किंवा पाळी वर्षभर बंद राहिल्यानंतर पुन्हा रक्त दिसले असेल, तर विचार करत न बसता लगेच जा. आणि तोपर्यंत पंखा तिच्या बाजूला राहू द्या, एक जाड पांघरूण तुमच्या बाजूला येऊ द्या. कानटोपी आहेच.

घरच्यांच्या हसण्याबद्दल तुम्ही सरसकट बंदीचा विचार करता आहात; तसे करू नका, कारण ती पाळली जाणार नाही आणि बंदी घातल्याचाही एक नवा किस्सा होईल. पण हसणे दोन प्रकारचे असते, हे तुमच्या पत्नीलाही पटेल. तिघे जेवताना झालेली थट्टा वेगळी आणि तुम्ही खोलीत असताना पाहुण्यांपुढे तुमच्या वतीने सांगितली गेलेली गोष्ट वेगळी. पहिलीत तुम्ही सामील असता, दुसरीत तुम्ही नुसते पात्र असता. दुसरी नको, असे स्पष्ट सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मात्र ते पाहुण्यांसमोर किंवा चिडून सांगू नका, एखाद्या निवांत सकाळी दोघेच असताना सांगा, आणि नेमकी कोणती गोष्ट टोचते तेवढेच सांगा. ‘तुम्ही सगळे नेहमीच माझी चेष्टा करता’ या वाक्याने आजवर कोणाची चेष्टा थांबल्याचे ऐकिवात नाही. मुलीला वेगळे बसवून समजावण्याचीही गरज नाही. आई थांबली की तीही थांबेल, आणि नाही थांबली तर तिच्या वयाचा तो हक्कच आहे. तुम्ही विसाव्या वर्षी तुमच्या वडिलांच्या धोतराबद्दल किंवा ट्रान्झिस्टरबद्दल काय बोलत होता, ते आठवून पाहा.

आणि एक प्रामाणिक प्रश्न : मंडप नेमका कशाला हसला? तुमच्या वयाला नाही, वामनाला वगळल्याबद्दल हसला. त्या मंडपात तुमच्या वयाचे निदान दहा-बारा गृहस्थ असतील आणि त्यांच्यातल्या निम्म्यांच्या नाकावर चष्मा असेल. त्यांना कोणी हसले नाही. चष्मा लावला असता तर परशुराम आपल्या पाळीने आला असता आणि ती संध्याकाळ कोणाच्या लक्षातही राहिली नसती. मिशीचेही तेच. पांढऱ्या मिशीचा माणूस बैठकीत कोणाला दिसत नाही, ओठ काळा झालेला माणूस सगळ्यांना दिसतो. वय दिसले म्हणून तुमचे हसे झालेले नाही, ते लपवताना झाले आहे.

चष्म्याबद्दल थोडे तपशिलात लिहिते, कारण तुमच्यासारखे वाचक पुष्कळ आहेत आणि त्यांचे गैरसमजही तेच आहेत. डोळ्यातले भिंग तरुणपणी लवचीक असते, जवळचे पाहताना ते स्वतःचा आकार बदलते. वयाबरोबर ते जुन्या रबरासारखे कडक होत जाते आणि चाळिशीच्या आसपास पुस्तक लांब धरावे लागते. मग हात अपुरे पडू लागतात. हे पंतप्रधानांपासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांचे होते. नंबर साधारण एकच्या आसपास सुरू होतो आणि साठीपर्यंत अडीच-तीनच्या घरात जाऊन स्थिरावतो. चष्मा लावल्याने ‘डोळ्यांना सवय लागून’ नंबर वाढत नाही आणि न लावल्याने थांबत नाही. भिंग आपल्या गतीने कडक होत राहते, तुम्ही फक्त डोकेदुखी आणि औषधाच्या पट्टीवरची चुकीची तारीख पदरात पाडून घेता. खिशातला चष्मा काढायला लाजत असाल तर दूरचे आणि जवळचे एकाच भिंगातून दाखवणारा प्रोग्रेसिव्ह चष्मा करून घ्या, तो दिवसभर डोळ्यांवर राहतो आणि ‘आता चष्मा काढला’ असे म्हणायला कोणाला वाव देत नाही. त्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्या काळात रेल्वेच्या पुलाचे जिने उतरताना मान खाली घालून भिंगाच्या वरच्या भागातून पायरी बघा, कारण खालचा भाग वाचण्यासाठी असतो आणि त्यातून पायरी धूसर, भलत्याच ठिकाणी दिसते.

फुटपाथवर मिळणारा तयार चष्मा अडीअडचणीला घरात असायला हरकत नाही. एक देवघरात, एक स्वयंपाकघरातल्या डब्यांजवळ. पण तो विकणारा डोळ्यांतला दाब मोजत नाही. काचबिंदू बहुधा दुखत नाही, खुपत नाही आणि कडेची नजर खाऊन टाकेपर्यंत कळत नाही. म्हणून चाळिशीनंतर नंबर काढायला नेत्रतज्ज्ञाकडेच जावे आणि दाब तपासून घ्यावा, कुटुंबात कोणाला काचबिंदू असेल तर हमखास.

कलपाबाबत माझे मत असे की, रंगवणे आणि न रंगवणे या दोन्हींत नैतिक काही नाही. आरशातला चेहरा काळ्या केसांत बरा वाटत असेल तर खुशाल रंगवा. फक्त काळ्या रंगांपैकी बहुतेकांत पीपीडी नावाचे रसायन असते, ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पाकिटांतही असते, आणि वर्षानुवर्षे काही न होता एके दिवशी अचानक त्याची अॅलर्जी होऊ शकते : खाज, पुरळ, कधी डोळे मिटतील इतकी सूज. नवे पाकीट आणले की कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास थांबावे, हे पाकिटावर लिहिलेले असते, अर्थात चष्म्याशिवाय न वाचता येणाऱ्या अक्षरांत. मिशीला लावायचाच असेल तर आधी ओठाच्या कडेला व्हॅसलीनची रेघ ओढा. हे कोणताही केशकर्तनकार तुम्हाला सांगेल. आणि सोडायचे ठरले तर घाबरू नका. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, तेव्हा केस बारीक कापत राहिलात तर तीन-चार महिन्यांत रंग निघून जातो. मिशी त्याहून लवकर मोकळी होते. मधले काही आठवडे दोन रंगांचे जातात, ते कार्यालयातल्या कोणाला दिसले तरी बोलायला सुचत नाही, कारण त्यांचेही तेच चाललेले असते.

लोकलच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने नाही. कायद्याच्या लेखी ज्येष्ठ नागरिक व्हायला ६० वर्षे पूर्ण व्हावी लागतात, एसटीचे अर्धे तिकीट हवे असेल तर ६५ आणि फुकट प्रवास हवा असेल तर ७५; सरकार तुम्हाला अजून दाद देणार नाही. त्या मुलाने वय मोजले नसावे, संध्याकाळच्या गर्दीत डाव्या हाताने हँडल धरून वाकडा उभा राहिलेला माणूस पाहिला असावा. त्याच्या ‘काका’मध्ये संस्कार होते आणि तुमच्या खांद्याला त्याची गरज होती. पुढच्या वेळी बसा, त्याचा डबा मांडीवर घ्या. डोंबिवलीच्या गाडीत बसायला मिळालेली जागा मानापमानापायी सोडणारा माणूस माझ्या ऐकण्यात तरी तुमच्याआधी आलेला नाही.

तुमच्यासारख्याच इतर वाचकांसाठी एक इशारा मात्र द्यायला हवा, कारण या वयात लाजेची दुसरी तऱ्हाही दिसते. ‘मी अजून तरुण आहे’ हे सिद्ध करण्यासाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर एकदम बॅडमिंटनचे सामने किंवा कळसूबाई गाठणारे गृहस्थ पुढच्या आठवड्यात पोटरीला पट्टी बांधून भेटतात. तिशीनंतर स्नायू दर दशकात काही टक्क्यांनी घटत जातात, ते एका रविवारी परत येत नाहीत. आठवड्याला मिळून १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, एवढी जागतिक आरोग्य संघटनेची साधी शिफारस आहे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा-बारा वेळा उठबस करणे हीदेखील चांगली सुरुवात असते.

राहिला स्नेहसंमेलनाचा प्रश्न. अवश्य जा, आणि केसांचा जो रंग मे महिन्यापर्यंत आपोआप झालेला असेल तो घेऊन जा. दहावीच्या तुकडीचा एक मोठा फायदा असा की, तिथे तुमच्यापेक्षा लहान कोणी नसते. सगळे एकाच माळेचे मणी. कोणाचे पोट सुटलेले असेल, कोणाचे केस गेलेले असतील, आणि जो अजिबात बदललेला नसेल त्याच्याबद्दल बाकीचे जेवणाच्या रांगेत हळू आवाजात बोलतील. तुमची खरी अडचण वेगळीच होणार आहे. समोरचा चेहरा ओळखीचा वाटेल, त्याने गणिताच्या तासाला काय केले होते ते आठवेल, आणि नाव ओठांवर येऊन अडकेल. नावे अडकणे या वयात सर्वसाधारण आहे, त्याचा धसका घेऊ नका. नेहमीचा रस्ता चुकणे किंवा रोजचे व्यवहार न जमणे असे काही होऊ लागले तरच डॉक्टरांना विचारावे. त्या दिवसापुरता उपाय सोपा आहे. संयोजकांना आजच फोन करा आणि प्रत्येकाच्या छातीवर नावाची पट्टी लावायला सांगा, मुलींची माहेरची नावेही त्यावर असू द्या, आणि अक्षरे चांगली बोटभर उंचीची काढायला सांगा, कारण निम्म्या जणांचे चष्मे त्या दिवशी खिशातच असतील.